मोबाईल एक, स्वभाव अनेक

बाजारपेठेतून एक फेरी मारली तर हल्ली अनेक मोठ्या दुकानांत गल्ल्याच्या मागे एक पाटी लावलेली दिसते. 'कामाच्या वेळेत मोबाईल वापरण्यास सक्त मनाई आहे.' काही ठिकाणी पाटीखाली लाकडी पेटीही असते. सकाळी आल्याबरोबर प्रत्येकाने आपला मोबाईल तिच्यात टाकायचा आणि रात्री शटर ओढताना उचलायचा. सरकारी कचेऱ्याही या काळजीतून सुटलेल्या नाहीत. जुलै २०२१ मध्ये राज्याच्या सामान्य प्रशासन विभागाने कर्मचाऱ्यांसाठी सूचना काढल्या होत्या. कार्यालयीन वेळेत मोबाईलचा वापर कमीत कमी करावा, शक्य तेथे कार्यालयातील दूरध्वनीच वापरावा, बोलताना आवाज सौम्य ठेवावा, खासगी बोलणे कक्षाबाहेर जाऊन करावे, असे त्यात सांगितले होते. सूचना चांगल्या होत्या. त्या किती पाळल्या जातात हे दाखल्यासाठी रांगेत उभे राहिलेल्या कोणालाही विचारावे.

मालकांची आणि साहेबांची तक्रार खोटी नाही. गिऱ्हाईक समोर बसले आहे, साडी अर्धी उलगडलेली आहे आणि विक्रेत्याची मान खाली, असे दृश्य कोणत्या मालकाला आवडेल? औषधांच्या दुकानात तर प्रश्न नुसत्या शिष्टाचाराचा राहत नाही. चिठ्ठी वाचता वाचता खिशातला मोबाईल थरथरला आणि पाचशे मिलिग्रॅमच्या जागी अडीचशेची पट्टी हातात आली, तर त्याची किंमत रोग्याला मोजावी लागते. तेव्हा तक्रार मान्य. माझा आक्षेप आहे तो उपायाला. सब घोडे बारा टक्के या न्यायाने सर्वांना एकच पाटी आणि एकच पेटी लावली की एखाद्याला तिचा गुण येतो, दुसऱ्यावर काहीच परिणाम होत नाही आणि तिसऱ्याचा त्रास उलट वाढतो. मोबाईलकडे हात सर्वांचाच जातो, परंतु तो कशासाठी जातो हे माणसागणिक बदलते. त्याचे कारण बरेचसे स्वभावात असते आणि उरलेले त्या कामाच्या जागेच्या रीतीभातीत.

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. जास्त वापर म्हणजे त्रासदायक वापर नव्हे. मार्केट यार्डातला अडत्या दिवसाकाठी शंभर फोन करतो, तो त्याचा धंदाच आहे. अंगणवाडी सेविकेची नोंदवही २०२१ पासून 'पोषण ट्रॅकर'च्या रूपाने मोबाईलमध्येच गेली आहे. तिने कामाच्या वेळेत मोबाईल पाहू नये म्हणणे म्हणजे शिक्षकाने फळ्याकडे पाहू नये म्हणण्यासारखे आहे. वापर त्रासदायक केव्हा म्हणायचा? 'आता पाहायचा नाही' असे स्वतःशी ठरवूनही हात आवरत नाही, काम अडते, चुका होतात, बोलणी बसतात आणि तरीही ते चालूच राहते, तेव्हा. मोबाईल घरी विसरला तर दिवसभर कासावीस व्हायला होत असेल, तर तीही एक खूण समजावी.

याला सरसकट 'व्यसन' म्हणण्याची जी पद्धत पडली आहे, तीही मला मान्य नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात संगणकावरील किंवा मोबाईलवरील खेळांच्या अतिरेकाला विकार म्हणून जागा मिळाली आहे, पण मोबाईलचे व्यसन असा स्वतंत्र विकार त्यात नाही. दारूच्या आणि तंबाखूच्या रांगेत मोबाईलला बसवले की ज्याचा हात चिंतेने मोबाईलकडे जातो तोही 'व्यसनी' ठरतो. हा शिक्का बसला की माणूस मदत मागायचे सोडून लपवायला लागतो. मग तो मोबाईल घेऊन संडासात जाऊन बसतो, एवढाच फरक पडतो.

मोबाईलमुळे कामात नेमके काय बिघडते? अमेरिकेतील फ्लोरिडा स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. एकाग्रता लागणारे काम चालू असताना काही जणांच्या मोबाईलवर फोन किंवा संदेश येत होते. त्यांनी तो उचलायचा नव्हता, पाहायचाही नव्हता. तरीसुद्धा नुसता आवाज किंवा थरथर जाणवल्यामुळे त्यांच्या चुका वाढल्या. आपण मोबाईल हातात घेतला नाही म्हणजे लक्ष ढळले नाही, ही समजूत बरोबर नाही. कोणाचा असेल, काय असेल, हा विचार मनात शिरला की हातातल्या कामाचा धागा तिथेच सैल होतो.

आता स्वभावाकडे वळू. मानसशास्त्रज्ञ माणसाचा स्वभाव पाच अंगांनी मोजतात. बहिर्मुखता, भावनिक अस्थिरता, कर्तव्यदक्षता, सौजन्य आणि नव्याची ओढ. (आपल्या वात-पित्त-कफ प्रकृतींशी यांची गल्लत करू नये. तो विचार वेगळा आहे.) यांतल्या कोणत्या अंगाचा मोबाईलच्या त्रासाशी किती संबंध आहे, यावर गेली वीस वर्षे अभ्यास होत आहेत. २००५ मध्ये ऑस्ट्रेलियातील बियांची आणि फिलिप्स यांच्या पाहणीत तरुण वय, बहिर्मुख स्वभाव आणि स्वतःविषयी कमीपणाची भावना असलेल्यांमध्ये हा त्रास जास्त आढळला. पुढे बिलियू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये असे मांडले की, त्रासदायक वापराकडे नेणाऱ्या वाटा निरनिराळ्या आहेत. एक चिंतेची, दुसरी उतावळेपणाची आणि तिसरी माणसांच्या ओढीची. ही विभागणी मला फार उपयोगाची वाटते, कारण रोगी समोर बसला की ती ओळखता येते.

चिंतातुर माणसाबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण बोलणी सर्वांत जास्त त्यालाच खावी लागतात. वडिलांना हृदयविकार आहे आणि ते गावाकडे एकटे असतात. किंवा बायकोला नववा महिना लागला आहे. अशा माणसाचा हात दर पाच मिनिटांनी खिशात जातो. संदेश नसतो. क्षणभर हायसे वाटते. मग पुन्हा मनात येते की मघाशी नव्हता, आता आला असेल तर? पुन्हा हात खिशात. दाराला कुलूप लावले की नाही हे परत परत ओढून पाहणाऱ्या माणसासारखीच ही गत आहे. गंमत अशी की ते क्षणभराचे हायसे वाटणेच सवय पक्की करते. प्रत्येक वेळी पाहिल्यावर चिंता थोडी उतरते, म्हणून मन पुढच्या वेळी तोच उपाय सुचवते, आणि न पाहता चिंता सोसण्याची ताकद हळूहळू कमी होते. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र हा माणूस करमणूक करतो आहे असे वाटते.

खिशातला मोबाईल वाजलेला नसताना वाजल्याचा भास होणे हा या सावधपणाचाच एक प्रकार. २०१० मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या एका रुग्णालयातील कर्मचाऱ्यांची पाहणी झाली, तेव्हा १६९ पैकी ११५ जणांनी असा भास होत असल्याचे सांगितले. हे सगळे धडधाकट, कामात असलेले लोक होते. तेव्हा असा भास झाला म्हणून कोणी घाबरून जाण्याचे कारण नाही. सतत बोलावणे येण्याची शक्यता असलेल्या नोकरीत शरीर कान टवकारून बसते, एवढाच त्याचा अर्थ.

याच ठिकाणी एक गोष्ट पुरुषवाचकांनी ध्यानात घ्यावी. बँकेत, शाळेत किंवा पतपेढीत काम करणाऱ्या स्त्रीवर 'सारखा मोबाईल पाहते' असा ठपका सहज ठेवला जातो. पण मुलाला ताप आला की शाळेतून फोन कोणाला येतो? रिक्षावाला उशिरा येणार असेल तर तो कोणाला कळवतो? सासूबाईंच्या औषधाची वेळ कोणाच्या डोक्यात असते? घरातली सगळी चौकीदारी एकीच्या मोबाईलवर सोपवायची आणि मग तिचा स्वभावच काळजीखोर म्हणायचे, हा न्याय नव्हे. शाळेच्या वहीत वडिलांचा नंबर पहिला लिहिला तर अशा पुष्कळ काळजीखोर स्वभावांना आपोआप उतार पडेल.

दुसरी वाट उतावळ्या माणसाची. याला चिंता नसते, त्याला कंटाळा सोसवत नाही. हात रिकामा झाला की मोबाईल, काम रेंगाळले की मोबाईल. पाहीन पाच मिनिटे म्हणून उघडलेल्या छोट्या चित्रफिती अर्धा तास खातात. दुकानात याने फारसे बिघडत नाही, गिऱ्हाईक ओरडते आणि तो भानावर येतो. पण काही कामे अशी आहेत की तिथे ओरडायला कोणी उरत नाही.

९ फेब्रुवारी २०१६ रोजी जर्मनीत बाड आयब्लिंग या गावाजवळ एकेरी लोहमार्गावर दोन प्रवासी गाड्या समोरासमोर धडकल्या आणि १२ जणांचा जीव गेला. सिग्नल देणारा रेल्वे कर्मचारी ड्युटीवर असताना मोबाईलवर खेळ खेळत होता, असे चौकशीत निघाले. लक्ष उडाल्यामुळे त्याने चुकीचा सिग्नल दिला, आणि चूक ध्यानात आल्यावर घाईने पाठवलेला धोक्याचा संदेशही भलतीकडेच गेला. त्याच वर्षी डिसेंबरात न्यायालयाने त्याला साडेतीन वर्षांची शिक्षा दिली. यात ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, ड्युटीवर खासगी मोबाईल वापरायचा नाही हा नियम तिथे आधीपासूनच होता. पाटी होती म्हणा ना! अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळ चॅट्सवर्थ येथे १२ सप्टेंबर २००८ रोजी झालेल्या रेल्वे अपघातातही २५ जण दगावले. त्या गाडीचा चालक धडकेच्या आधी काही सेकंदांपर्यंत मोबाईलवरून संदेश पाठवत होता.

आपल्याकडे रेल्वेचे सिग्नल फार थोड्यांच्या हाती असतात. पण लेथ, प्रेस, उसाचे चरक, मळणी यंत्र, जेसीबी आणि वडापची जीप यांवर आपल्या जिल्ह्यांतील हजारो तरुणांचे हात असतात. वाहन चालवताना मोबाईल हातात धरून वापरणे हे २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याने धोकादायक वाहन चालवण्याच्या गुन्ह्यात घातले आहे. पहिल्या गुन्ह्यालाही दंड आणि कैद अशी तरतूद आहे. मळणी यंत्रासाठी असा कायदा नाही. तिथे मालकालाच शहाणे व्हावे लागते. चालत्या यंत्राजवळ पेटी हवीच, आणि तिथे स्वभाव विचारत बसू नये. मघाशी मी पेटीला आक्षेप घेतला तो दुकानापुरता आणि कचेरीपुरता आहे, हे स्पष्ट करतो.

तिसरा गप्पिष्ट माणूस. त्याच्याबद्दल फार लिहिण्याची गरज नाही, तो सर्वांच्या ओळखीचा आहे. पूर्वी तो पानाच्या टपरीवर अर्धा तास जात असे, आता टपरीच खिशात आली आहे. त्याचा मोबाईल काढून घेतला तर तो शेजारच्या टेबलापाशी जाऊन उभा राहतो आणि एकाऐवजी दोघांचे काम थांबते. अशा माणसाला गिऱ्हाइकांपुढे उभे करावे, हिशेबाच्या वह्यांपुढे बसवू नये, हा जुन्या व्यापाऱ्यांचा शहाणपणा आजही लागू आहे.

चौथा एक प्रकार मी माझ्या पदरचा घालतो. कर्तव्यदक्ष माणसाला मोबाईलचा त्रास कमी होतो असे पुष्कळ अभ्यासांत आढळले आहे, आणि कामाच्या वेळेपुरते ते पटतेही. पण हाच माणूस रात्री साडेदहाला जेवणाच्या ताटावरून उठून साहेबांच्या संदेशाला उत्तर देतो. त्याच्याबद्दल कोणी तक्रार करत नाही, कारण हे दुखणे कचेरीच्या सोयीचे आहे. झोप उडाली, रक्तदाब वाढला, चिडचिड होते, असे सांगत तो दवाखान्यात येतो तेव्हा मोबाईलचे नावही काढत नाही. विचारावे लागते.

आता उपायांकडे. चिंतातुर माणसाचा मोबाईल हिसकावणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. मोबाईल पेटीत जातो आणि त्याच्याबरोबर मनही पेटीत जाऊन बसते. याविषयी आपल्याच देशातील मोबाईलधारकांवर झालेला एक प्रयोग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. दोन आठवडे चाललेल्या त्या प्रयोगात २३७ जण होते. काहींच्या मोबाईलवरच्या सूचना नेहमीप्रमाणे येत राहिल्या, काहींना त्या दिवसातून ठरावीक वेळी एकत्र मिळत आणि काहींच्या पूर्ण बंद केल्या. दिवसातून तीनदा एकत्र सूचना मिळणाऱ्यांचे लक्ष कामात जास्त लागले, मनःस्थितीही बरी राहिली. पूर्ण बंद केलेल्यांना मात्र तसा फायदा झाला नाही, उलट त्यांची चुळबूळ आणि काहीतरी निसटते आहे ही रुखरुख वाढली. मालकवर्गाने यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. अकरा वाजता, जेवणाच्या सुट्टीत आणि चार वाजता दहा-दहा मिनिटे मोबाईल मोकळा ठेवावा. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे गल्ल्यावरचा किंवा कचेरीतला एक दूरध्वनी क्रमांक प्रत्येकाच्या घरी देऊन ठेवावा. 'तातडीचे असेल तर इथे फोन येईल आणि मला हाक मारली जाईल' हा भरवसा मिळाला की चिंतातुर माणसाचे निम्मे काम होते. उरलेल्या निम्म्यासाठी त्याने स्वतः सराव करावा. आज वीस मिनिटे न पाहता राहायचे, पुढच्या आठवड्यात तीस. पहिली दहा मिनिटे जड जातात, मग चिंता आपोआप ओसरते, हे एकदा अनुभवाला आले की धीर येतो.

उतावळ्याला असा सराव सांगून उपयोग नसतो, तो दुसऱ्या दिवशी विसरतो. त्याला अंतर हवे. मोबाईल खिशात असेल तर निश्चय करावा लागतो, दुसऱ्या खोलीत असेल तर लागत नाही. खेळ आणि चित्रफितींची अ‍ॅप मोबाईलवरून काढून टाकावीत आणि हवी तर घरच्या दुसऱ्या मोबाईलवर ठेवावीत. एवढ्यानेही बराच फरक पडतो.

मात्र स्वभावावर सगळे ढकलण्याचा मोहही आवरला पाहिजे. स्वभाव आणि मोबाईलचा त्रास यांत संबंध आढळतो, पण तो फार घट्ट नाही. चिंतातुर असूनही मोबाईलला हात न लावणारे कितीतरी लोक आहेत. म्हणून दहा प्रश्नांची चाचणी घेऊन कोणाला नोकरीवर ठेवायचे हे ठरवणाऱ्या मालकांपासून चार हात दूर राहावे. शिवाय, वर्षानुवर्षे नीट काम करणारा माणूस महिना-दोन महिन्यांत एकदम मोबाईलमध्ये बुडाला, तर तो स्वभाव नव्हे. स्वभाव असा दोन महिन्यांत बदलत नाही. घरात काही घडले आहे का, मन उदास आहे का, झोप लागते का, हे विचारावे. पैशाचीही चौकशी करावी. कामाच्या वेळेत शेअर बाजाराचे भाव पाहणारे तरुण आता तालुक्याच्या गावीही आहेत. बाजाराच्या वायद्यांत व्यवहार करणाऱ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के लोकांना २०२२ ते २०२४ या तीन आर्थिक वर्षांत तोटा झाला, असे 'सेबी'नेच २०२४ मध्ये सांगितले आहे. ज्याचे कर्जाऊ पैसे असे पणाला लागले आहेत, त्याचा मोबाईल पेटीत ठेवून काय होणार?

अशा वेळी गावात मानसोपचारतज्ज्ञ नसला तरी केंद्र सरकारची 'टेलिमानस' ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही मोफत आणि मराठीतून बोलता येते. बंगळूरच्या 'निमहान्स' संस्थेत तर २०१४ पासून मोबाईल आणि इंटरनेटच्या अतिवापरासाठी स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग चालतो.

राहता राहिले साहेब. नोकराने कामाच्या वेळेत घरचा मोबाईल पाहू नये अशी अपेक्षा असेल, तर घरच्या वेळेत त्याला कामाचा मोबाईल पाहायला लावू नये, एवढे तरी पथ्य हवे. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना या प्रश्नावर कर्मचाऱ्यांशी वाटाघाटी करणे कायद्याने भाग आहे. ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ पासून कामाच्या वेळेबाहेर आलेल्या संदेशाला उत्तर न देण्याचा हक्क मिळाला आहे. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत याच आशयाचे खासगी विधेयक आणले होते, पण त्याचा कायदा झाला नाही. कायद्याची वाट न पाहता करता येण्यासारखी एक गोष्ट आहे. कचेरीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात फक्त गटप्रमुखालाच संदेश पाठवता येईल अशी सोय असते. रात्री आठ वाजता ती चालू करावी आणि सकाळी नऊपर्यंत गटप्रमुखानेही काही पाठवू नये. रात्रीच आठवलेले काम कागदावर लिहून उशाशी ठेवावे. आणि खरोखरच आग लागली असेल तर संदेश कशाला पाठवायचा, सरळ फोन करावा.